तीन बोटं नोल

आमचं दुकान कपडे शिवण्याचं नाही, कपड्यांची समजूत घालण्याचं आहे. तयार कपडे कारखान्यातून येतात तेव्हा ते कुणाच्याच अंगाचे नसतात. मग माणसं ते काखेत मारून आमच्याकडे येतात. पँट आखूड करा, कोटाच्या बाह्या वर घ्या, कंबर सैल करा. सैल करण्याची कामं जास्त. घट्ट करून घ्यायला वर्षाकाठी पाच-सहा जण येतात, आणि त्यातले चार पुढच्या वर्षी तोच कपडा घेऊन मान खाली घालून परत येतात.

दुकानात आम्ही दोघी. माझी थोरली नणंद, जिला मी तीस वर्षं वन्सं म्हणत आलेय, आणि मी. कात्री, खडू आणि शेवटचा शब्द वन्संकडे; मशीन, इस्त्री आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं माझ्याकडे. वन्संना गोड बोलता येत नाही असं नाही. त्या ते खास प्रसंगासाठी राखून ठेवतात, आणि तो प्रसंग अजून आलेला नाही.

माझ्या सासरची एक बोली आहे. पिढ्यान्‌पिढ्या सुई चालवणाऱ्या दहा-बारा घराण्यांपुरती. ती कुठे लिहिलेली नाही, शाळेत शिकवत नाहीत, आणि तिला नावही नाही. घरातली माणसं नुसतं म्हणतात, "आपल्यात बोल." म्हणजे आपल्या बोलीत बोल. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळं घर माझ्या डोक्यावरून आपल्यात बोलायचं, आणि मी खाली मान घालून काज करत ऐकायची. मला पहिल्यांदा समजलेलं वाक्य वन्संचंच. त्या सासूबाईंना सांगत होत्या, "हात बरे आहेत हिचे. डोकं नंतर बघू."

समजलं, पण मी दाखवलं नाही. सहा महिने दाखवलं नाही. मग एका दुपारी वन्सं स्वतःशीच आपल्यात पुटपुटल्या, "टाचण्यांची डबी कुठे मेली," आणि माझ्या तोंडून आपल्यातच निघून गेलं, "खुर्चीखाली."

वन्सं थांबल्या. "कधीपासून कळतंय तुला?"

"सहा महिने झाले."

त्यांनी मनातल्या मनात सहा महिने मागे जाऊन आपण काय काय बोललो ते आठवून पाहिलं. कुठपर्यंत पोचल्या ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, "उच्चार घाण आहेत तुझे." आणि त्या दिवसापासून त्या माझ्याशी आपल्यात बोलायला लागल्या. माझं लग्न त्या दिवशी झालं असं मी धरते. आधी झालं ते नुसतं कागदावर. कारण आमच्या ह्यांना दोन्ही भाषा येतात, आणि ते दोन्ही भाषांत गप्प असतात. घरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे वन्सं.

दुकानात तर ही बोली म्हणजे तिसरा हात. गिऱ्हाईक आरशासमोर स्टुलावर उभं, वन्सं खाली गुडघ्यावर, ओठांत टाचण्या. ज्या सुरात त्या माप सांगतात, त्याच सुरात बाकीचंही सांगतात. "बत्तीस. साडेचौदा. बायकोशी भांडून आलाय, बघ, पट्टा लावायचा विसरला. एकोणचाळीस." मी मापं वहीत लिहिते आणि बाकीचं पोटात ठेवते. गिऱ्हाइकाला वाटतं, किती बारकाईने काम चाललंय. चाललेलं असतंच बारकाईने.

आता एक शब्द सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याने केला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात, पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर सोडायला, त्याला शिवणकामात माया म्हणतात. दोन बोटं माया ठेवा, असं म्हणतात. आमच्या बोलीत त्याला नोल म्हणतात. पण माया आणि नोल तंतोतंत एक नाही. माणसाने आत राखलेली, बाहेरून न दिसणारी गोष्ट, तीही नोलच. जो सगळं बोलून मोकळा होतो तो बिननोलचा. आमच्या ह्यांच्याबद्दल वन्सं म्हणतात, "माझा भाऊ नुसती नोल आहे. कपडा त्यात नाहीच."

तर एके दिवशी एक मुलगी जॅकेटची चेन बदलायला आली. आम्ही आमच्या नादात बोलत होतो. तिने कान टवकारले आणि विचारलं, ही कुठली भाषा. ती म्हणे अशा कंपनीत होती जिथे मशीनला माणसांच्या भाषा शिकवतात. खिशातून तिने लगेच बोटाएवढा माइक काढला. तिला आम्ही रेकॉर्डवाली म्हणायला लागलो.

"आजी, ही भाषा फार थोडे लोक बोलतात ना? आम्ही अशा भाषा वाचवतो."

"आजी कुणाला म्हणतेस?" वन्सं म्हणाल्या. "आणि वाचवायला ती काय पाण्यात पडलीय?"

"तसं नाही. पण मशीनला शिकवली तर ती कायमची राहील."

"मशीन आहे माझ्याकडे." वन्संनी शिलाईच्या मशीनवर हात ठेवला. "एकोणीस वर्षं झाली. एक अक्षर शिकलेलं नाही, म्हणून टिकलंय."

विषय संपला. निदान वन्संच्या बाजूने संपला.

चेन घ्यायला ती मुलगी परत आली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. दोन ते चार वन्सं मागच्या खोलीत झोपतात. रेकॉर्डवाली मला हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही शिकवाल का?"

माझी शाळा पाचवीत सुटली. पुढचं सगळं मी ऐकून आणि रद्दीतली पुस्तकं वाचून शिकले. आयुष्यात मला "शिक जरा" असं पुष्कळांनी म्हटलं. शिकवाल का, असं कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत म्हणाले.

आधी तिच्या हातातल्या काचेच्या पाटीवर फॉर्म भरायचा होता. भाषेचं नाव? मी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, "आपल्यात." ही तुमची मातृभाषा आहे का? हो किंवा नाही. सासूभाषा असा पर्याय नव्हता. मी हो केलं. बोलणारी माणसं किती? पुतण्याच्या लग्नाची यादी माझ्याच हातची होती, म्हणून लिहिलं दोनशे बारा. मग आलं, "भाषिक समाजाच्या वतीने आपण संमती देत आहात का?"

"हे राहू दे," मी म्हटलं.

"राहू देता येत नाही काकू. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

पुढचं पान उघडावं म्हणून मी बरोबरची खूण केली. एवढ्याचसाठी. दोनशे बारा माणसांच्या वतीने.

रेकॉर्डिंग आम्ही ट्रायल रूममध्ये केलं, कारण तिथे हिवाळ्याचे कोट टांगलेले असतात आणि रस्त्याचा आवाज येत नाही. ती एक वाक्य दाखवायची. मी ते आधी सगळ्यांच्या भाषेत वाचायची, मग आपल्यात म्हणायची. "माझे विमान चुकले." आमच्या बोलीत कुणाचं विमान कधी चुकलेलं नाही. मी म्हटलं, "उडणारी बस निघून गेली." "मला या करारातील सर्व अटी मान्य आहेत." याला मी आपल्यात म्हटलं, "बरं, तू म्हणशील तसं." रेकॉर्डवाली खूश. मीही खूश. कोटांच्या गर्दीत घामाघूम होऊन मी शिकवत होते.

दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "आता तुमचं रोजचं बोलणं सांगा." आणि तिथे माझी शिवण सुटली. गिऱ्हाइकांबद्दल काय बोलतो, कुणाला काय नाव ठेवलंय, सासूबाई काय म्हणायच्या, मी सगळं सांगितलं. समोरचं माणूस डोळे मोठे करून ऐकत असलं की माझ्यासारखीला थांबता येत नाही. नोल म्हणजे काय, तिने विचारलं. "माया," मी म्हटलं आणि पुढे गेले. शब्दाची दुसरी बाजू सांगायला हवी होती, पण चार वाजत आले होते.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "दुःखाच्या वेळी एकमेकांना काय म्हणता?"

"काही नाही म्हणत," मी म्हणाले. तेवढं एक खोटं बोलले.

सहा आठवडे, एकोणीसशे वाक्यं. रेकॉर्डवाली माझ्या पाया पडायचीच काय ती राहिली. मग ती येईनाशी झाली, आणि मीही विसरले.

आठ महिन्यांनी शाळेच्या बाई आल्या. त्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत, आणि आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. लेकीकडे परदेशी जायचं म्हणून त्यांनी फोनमध्ये भाषांतर करणारं काहीतरी घालून घेतलं होतं आणि सवय व्हावी म्हणून ते दिवसभर चालू ठेवत होत्या. फोन त्यांनी आरशाच्या फळीवर ठेवला आणि राखाडी स्कर्ट घालून स्टुलावर चढल्या. वन्संनी कंबरेला टेप लावला आणि नेहमीच्या सुरात मला आपल्यात सांगितलं, "हिला तीन बोटं नोल ठेव. मागच्या वेळी दोन ठेवली होती, दोन्ही खाऊन बसली."

फोन टुणकन वाजला. "भाषा ओळखली," तो म्हणाला. "आपल्यात." आणि मग ठसठशीत उच्चारांत, "हिच्यासाठी तीन बोटं प्रेम ठेव. मागच्या वेळी दोन ठेवलं होतं, दोन्ही खाऊन बसली."

आवाज माझा होता.

दोन्ही भाषांत बोलून बोलून मी त्यांना आवाजही पुरवून ठेवला होता, हे मला त्या क्षणी कळलं. वन्संच्या ओठांतून एक टाचणी खाली पडली. तीस वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं.

"हे काय बोललं?" वन्सं आपल्यात म्हणाल्या.

"हे काय बोललं?" फोन म्हणाला.

"हिचा आवाज ह्यात कसा शिरला?"

"हिचा आवाज ह्यात कसा शिरला?"

"गप्प बस."

"गप्प बस," फोन खणखणीत म्हणाला, आणि ज्या बाईंनी हे वाक्य चाळीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं, त्यांनी दचकून तोंडावर बोट ठेवलं.

जरा वेळाने त्या म्हणाल्या, "तीन बोटं प्रेम असं म्हणत नाहीत. प्रेम असं मोजता येत नाही. चूक आहे ती." मग आणखी जरा वेळाने, "खाऊन बसली म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ते आत घेतलंत," मी म्हटलं. "सगळं."

"असं होय," बाई म्हणाल्या, आणि आरशात स्वतःकडे जरा निराळ्याच नजरेने बघायला लागल्या.

बाई गेल्या. वन्संनी पडलेली टाचणी उचलली, डबीत टाकली, डबीचं झाकण लावलं. मग मला म्हणाल्या, सगळ्यांच्या भाषेत, "खडू द्या."

द्या.

पुढचे तेवीस दिवस त्या माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागल्या. "इस्त्री तापली असेल तर बघता का?" "तुम्ही जेवून घ्या, मी आहे इथे." एकदाही ओरडल्या नाहीत, एकदाही माझ्या उच्चारांना घाण म्हणाल्या नाहीत. गिऱ्हाईक आलं की नुसती मापं, बत्तीस, साडेचौदा, एकोणचाळीस, मध्ये काही नाही. नुसत्या आकड्यांचं काम किती कंटाळवाणं असतं ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. एकदा मी मुद्दाम आपल्यात म्हटलं, "वन्सं, पांढरा दोरा संपत आलाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माफ करा, मला समजलं नाही."

लग्न होऊन आले त्या दिवशीसुद्धा मी एवढी परकी नव्हते. तेव्हा निदान माझ्याबद्दल तरी आपल्यात बोलत होते.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोला ना तुमच्या बहिणीशी." ह्यांनी जेवण होईपर्यंत विचार केला. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "बघू." ते माझ्या बाजूने होतं की वन्संच्या, कळलं नाही.

म्हणून मी बोली परत आणायला कंपनीत गेले. काचेच्या खोल्या, काचेची दारं, आणि आत प्रत्येक जण कानाला काहीतरी लावून बसलेला. एका खोलीत रेकॉर्डवाली आणि तिचे साहेब. साहेब असतील पस्तिशीचे, पांढरे बूट, आणि कोटाच्या बाह्या दीड बोट लांब. मला तेच दिसत होतं.

"आम्ही तुमच्या भाषेला आवाज दिला," साहेब म्हणाले.

"आवाज माझा आहे. आणि भाषा माझी नाही. मला ती परत हवीय."

"पण तुम्ही संमती दिलीय. समाजाच्या वतीने. दोनशे बारा लोक."

"त्यात माझ्या नणंदबाई धरल्यात का?"

त्यांनी पाटीवर पाहिलं. "हो, सगळेच."

"अहो, मी त्यांच्या वतीने साधी भाजी आणू शकत नाही."

रेकॉर्डवालीने हसू आवरलं. साहेबांनी समजावून सांगितलं, रेकॉर्डिंग पुसता येतं, पण मशीन त्यावरून जे शिकलं ते उचलून वेगळं काढता येत नाही. आपण एखाद्याला ऐकवलं की ते त्याच्या डोक्यातून काढता येतं का? तसं.

"म्हणजे कपडा परत मिळेल, पण घेतलेलं माप राहणार," मी म्हटलं.

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले, आणि मी बरोबर बोलले याचं मला भयंकर वाईट वाटलं.

मग रेकॉर्डवाली म्हणाली की एक करता येईल. सगळ्या वाक्यांची यादी ती छापून देईल. ज्यांची भाषा आहे त्यांनी ती तपासायची, जे द्यायचं नसेल त्यावर खूण करायची, आणि पुढच्या वेळी मशीनच्या तोंडी ते येणार नाही असं ती बघेल. "हे आधीच करायला हवं होतं," ती खाली बघत म्हणाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

दारापर्यंत सोडायला ती आली तेव्हा मी विचारलं, "तुझ्या घरी काय बोलतात गं?"

"आमचीही एक आहे. आजीच्या गावाकडची. तिथे आता पंधरा-वीसच माणसं राहिलीत."

"मग ती शिकवलीस का मशीनला?"

"नाही."

"का?"

"आजी नको म्हणाली."

तिची तिलाच लाज वाटली, आणि तेवढ्यावर मी तिला मनातून निम्मं माफ केलं.

चौसष्ट पानांचा गठ्ठा मी आणून वन्संच्या टेबलावर ठेवला आणि काय करायचंय ते सांगितलं. वन्संनी त्यावर कात्री ठेवली. दुसऱ्या दिवशी अस्तराचं कापड ठेवलं. गठ्ठा तिथेच, वर काही ना काही. तेविसाव्या दिवशी दुपारी मी बॉबिन भरत होते, वन्सं झोपायला निघाल्या होत्या, आणि जाता जाता त्यांचा डोळा वरच्या पानावर गेला. त्यांची बोली लिहिलेली त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. ओठ हलत होते. मग त्यांचा चेहरा बदलला.

"बस 'ती' कधीपासून झाली गं?" त्या आपल्यात कडाडल्या. "आपल्यात बस 'तो' असतो. उडणारा बस गेला. तीस वर्षं मी हिला सांगतेय, तीस वर्षं, आणि ही जाऊन दुनियेला चुकीचं शिकवून आली. उद्या माझ्या भावाची नातवंडं ह्या डबड्याकडून शिकतील आणि सगळ्या खानदानाची बस बाईमाणूस होईल. उच्चार घाण होते ते मी सोसले."

मी रडायला लागले. वन्संना वाटलं शिव्यांमुळे.

"रडायला काय झालं? खडू दे. लाल."

दे.

तीन दुपारी वन्सं झोपल्या नाहीत. मी वाचायची, त्या खडूने खुणा करायच्या. पाणी, दार, ये, बस, जेवलास का, हे त्यांनी जाऊ दिलं. "हे कुणालाही लागतं. असू दे." गिऱ्हाइकांबद्दलचं सगळं लाल. आम्ही ठेवलेली नावं लाल. सासूबाईंच्या म्हणून जेवढ्या ओळी होत्या, तिथे त्यांनी खडू जरा जास्तच दाबला. "बरं, तू म्हणशील तसं" वाचून त्यांनी विचारलं, हे कशाचं भाषांतर. मी सांगितलं, कराराच्या अटी मान्य आहेत. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी निम्म्यात त्या थांबल्या. "एवढं सगळं उसवून देऊन आलीस. काही नोल ठेवलीस का?"

"एक ठेवली."

"कुठली?"

माझी आई गेली तो फोन मला दुकानातच आला होता. मी ट्रायल रूममध्ये शिरले आणि पडदा ओढून घेतला. वन्सं बाहेर उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. पडद्यापलीकडून त्यांनी आपल्यात एक शब्द म्हटला, एकच, आणि मी बाहेर येईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

"दुःखात काय म्हणता, असं तिने विचारलं होतं," मी म्हटलं. "मी काही नाही म्हणून सांगितलं."

"का?"

"बाकीचं सगळं तुमचं होतं. ते एक माझं होतं."

वन्संनी खडू बोटांत फिरवला. "म्हणजे दुसऱ्यांचं वाटून टाकलंस आणि स्वतःचं ठेवलंस."

"हो."

"निदान तेवढी शिवण शिकलीस." आणि मग, "चहा टाक. दोन कप. माझा भाऊ मागच्या दारात उभा राहून ऐकतोय, त्यालाही घाल."

तो शब्द मी इथेही लिहीत नाही.

एकेचाळिसाव्या पानावर नोल होती. समोर छापलेलं होतं, प्रेम. मी दुरुस्त करायला पेन्सिल उचलली. वन्संनी माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे."

"अहो, पण चूक आहे ती."

"असू दे ना. बाहेर त्यांना तेच ऐकू येऊ दे." आणि त्या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, बरोबर. चौसष्ट पानांत त्यांनी लिहिलेला तो एकच शब्द.

रेकॉर्डवाली गठ्ठा न्यायला आली तेव्हा ती त्या ओळीपाशी अडखळली. "मावशी, हा अर्थ नक्की?" आजी म्हणायचं नाही हे तिला आता माहीत होतं.

"सगळ्यांत तोच नक्की," वन्सं म्हणाल्या. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पान उलटलं. घरी आजी असली की माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

लाल खडूचं सगळं नव्या मशीनमधून गेलं, असं ती सांगते. खरंच विसरलं की विसरल्यासारखं करतंय, कळायला मार्ग नाही. मीही एकदा सहा महिने तेच केलं होतं. त्यामुळे वन्सं आता अनोळखी फोन दिसला की ओठांत नेहमीच्या दुप्पट टाचण्या धरतात, आणि एवढ्या टाचण्यांआडून बोललेलं अजून तरी माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेच्या बाई लेकीकडून परत आल्या. तोच राखाडी स्कर्ट. फोन त्यांनी स्वतःहून आरशाच्या फळीवर ठेवला, आमच्याकडे तोंड करून, आणि स्टुलावर ताठ उभ्या राहिल्या. वन्संनी कंबरेला टेप लावला, आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"चार बोटं नोल," त्या आपल्यात म्हणाल्या, आणि त्याच सुरात आणखीही काही म्हणाल्या.

"हिच्यासाठी चार बोटं प्रेम," फोन माझ्या आवाजात म्हणाला. "पुढचे समजले नाही."

बाईंनी मान जरा वर केली. यावेळी त्यांनी व्याकरण काढलं नाही.

"मागच्या वेळी तीन होतं," त्या म्हणाल्या.